आधी राउंड, मग सुट्टी

धुळ्यात एका सत्कार समारंभाला बसलो होतो. सत्कार माझा नव्हता, त्यामुळे निवांत होतो. व्यासपीठावर अकरा जण होते आणि समोर आम्ही साधारण तितकेच. सूत्रसंचालक चौथ्या वक्त्याचा परिचय करून देत होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सुमन सिस्टरांच्या मुलीचा, शीलाचा फोन होता. मी व्हरांड्यात आलो. "सर, आई गेली. सकाळी चहा घेतला, गोळ्या घेतल्या, जरा पडते म्हणाली..." एवढंच ती बोलली. आत कशावर तरी टाळ्या पडल्या. मी परत आत गेलो नाही. स्टँडवर येऊन जळगावची बस पकडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. या गोष्टीला आता दीड महिना होईल. शोकसभेत बोलायला मला सांगितलं होतं, पण शोकसभेत माणूस गेलेल्या माणसापेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलतो असा माझा अनुभव आहे, म्हणून मी नाही म्हणालो. आता लिहितो आहे, आणि लिहितानाही तेच होणार हे दिसतंच आहे.

सुमन सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. माहेर पहूरचं, नोकरी जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या सरकारी दवाखान्यांत, आणि निवृत्तीनंतरचं घर जळगावात पिंप्राळ्याला. मीही धुळ्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि मुलाकडे पिंप्राळ्याला आलो. आमच्या गल्लीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या. त्यांच्या फाटकाला एक दिवस पुठ्ठ्याची पाटी दिसली : 'येथे पायथॉन शिकवले जाईल. फी नाही. चपला बाहेर.' पायथॉन म्हणजे अजगर, इथपर्यंत माझी मजल होती. मी चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि संगणकाला कामं सांगायची ती एक भाषा आहे, चार ओळी लिहिल्या की लगेच चालवून बघता येतात, असं सांगितलं. "आणि चुकलं तर?" मी विचारलं. "चुकतंच," त्या म्हणाल्या. "मी चुकलेलंच शिकवते. बरोबर आलेलं शिकवायला मोबाईलवर पुष्कळ मास्तर आहेत."

त्या स्वतः कशा शिकल्या त्याची कथा त्यांनी एकदाच सांगितली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दवाखान्यात संगणक आला. लसीकरणाच्या यादीत एकच बाळ दोनदा यायचं, एखादं बाळ गायबच व्हायचं. विचारलं की ऑपरेटर म्हणायचा, "सिस्टर, कॉम्प्युटर तसं म्हणतोय." यांना ते काही पटेना. तो म्हणत नाही, त्याला कोणीतरी तसं शिकवलं आहे, आणि ते शिकवणारा कुठेतरी चुकला आहे... निवृत्त झाल्यावर शीलाचा जुना लॅपटॉप, एक शब्दकोश आणि दोनशे पानी वही घेऊन त्या बसल्या. शीला पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, या वयात कशाला डोक्याला ताप?" त्यांचं उत्तर असे, "ताप मोजायचीच नोकरी केली मी. आता माझा मोजते."

रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग भरायचा. किराणा दुकानवाले सोनवणे, बी.कॉम.च्या दोन मुली, मी, आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला विजू. हा विजू साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पॅसेंजर गाडीने यायचा. वर्गाची पद्धत अशी की प्रोग्रॅम अडला, पडद्यावर लाल अक्षरं आली, की कीबोर्डला हात लावायचा नाही. आधी केसपेपर भरायचा. त्यांनी दवाखान्यासारखे कागद आखून ठेवले होते. पहिला रकाना 'तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत'. म्हणजे ती लाल अक्षरं जशीच्या तशी हाताने उतरवायची, आणि सुरुवात शेवटच्या ओळीपासून करायची, कारण खरं दुखणं माणूस दारातून निघताना सांगतो आणि यंत्र शेवटच्या ओळीत. दुसरा रकाना 'कधीपासून'. तिसरा 'शेवटचं काय खाल्लं', म्हणजे चालत होतं त्यानंतर तुम्ही कोणती ओळ बदललीत. चौथा 'उपचार', आणि त्याखाली ठळक अक्षरात 'एका वेळी एकच औषध'. नवशिका माणूस घाबरला की पाच ठिकाणी पाच बदल करतो, मग बरं कशाने झालं ते कळत नाही आणि बिघडलं कशाने तेही कळत नाही. मी पस्तीस वर्षं शिक्षणक्षेत्रात काढली, अध्यापनशास्त्रावरची जाड पुस्तकं चाळली, पण या चार रकान्यांइतकं उपयोगाचं काही माझ्या वाचनात आलं नाही.

विजू एकदा हातातला कागद कोराच घेऊन उभा राहिला. "अक्का, मनं बठ्ठं बरोबर शे, तरी चाली नही राह्यनं."

"बठ्ठं बरोबर शे, ते तू आठे कसाले उना?" सिस्टर म्हणाल्या, म्हणजे सगळं बरोबर आहे तर इथे कशाला आलास. त्यांची बोली थोडी वेगळी, पण विजूशी त्या मुद्दाम त्याच्या बोलीत बोलायच्या. मग त्याच्या पडद्याकडे न बघताच विचारलं, "शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?"

"फाइल सापडत नही म्हनस."

"मग पेशंट दुसऱ्या वॉर्डात असेल. घरी गेला असं कशाला समजतोस? शोध." फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये होती. ज्या फाइली हरवतात त्या सगळ्या तिथेच असतात, हे ज्ञान मला उतारवयात झालं. सोनवणेंना तर तीन आणि चार मिळवून चौतीस उत्तर आलं होतं. आपण विचारलेल्या प्रश्नाला माणसाने टाइप केलेलं उत्तर यंत्र आधी नुसता मजकूर म्हणून घेतं, त्याचा आकडा करून मागावा लागतो, हे त्यांना पटता पटेना. "चाळीस वर्षं मी आकडे करतोय सिस्टर, मला शिकवू नका," ते म्हणाले. सिस्टरांनी पाटीवर एक केळं काढलं, टेबलावरचं खरं केळं उचललं आणि विचारलं, "यातलं कोणतं खाल?" सोनवणेंनी खरं खाल्लं आणि प्रोग्रॅम सुधारला.

माझी पहिली चूक जास्त अभिजात होती. मी माझ्या एका जुन्या लेखाच्या फाइलमधून अवतरणचिन्हं उचलून प्रोग्रॅममध्ये चिकटवली. छापखान्याची, छान वळणदार. यंत्राने ती नाकारली. त्याला कीबोर्डवरची साधी, सरळ लागतात. मी चिडलो. आयुष्यभर मुलांची विरामचिन्हं सुधारली, आणि आता हे मला सांगणार! केसपेपरच्या पहिल्या रकान्यात मी तक्रारीऐवजी माझं मत लिहिलं. सिस्टरांनी तो कागद वाचून परत दिला. "सर, हे डॉक्टरचं मत झालं. पेशंट काय म्हणाला ते लिहा."

आता मुख्य गोष्ट. पिंप्राळ्याच्या आमच्या छोट्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. निवड झाली त्या बैठकीला मी उशिरा पोहोचलो होतो, एवढीच माझी पात्रता. वाचनालयाच्या अध्यक्षांना एका खोलीचा 'डिजिटल कक्ष' करायचा होता. चार संगणक, भिंतीवर मोठा फलक आणि उद्घाटनाला मोठा पाहुणा. त्यासाठी त्या खोलीतली जुनी कपाटं रिकामी करायला हवी होती. कार्यकारिणीने ठराव केला की ज्या पुस्तकांच्या एकाहून अधिक प्रती आहेत त्यांच्या जादा प्रती रद्दीत द्याव्यात, मात्र जे पुस्तक एकुलतं एक आहे त्याला हात लावू नये. ठराव वाजवी होता. आमच्या ग्रंथपाल बाईंनी दाखल रजिस्टर संगणकात उतरवलंच होतं. हाताने छाननी करायची तर महिने गेले असते. मी म्हणालो, प्रोग्रॅम मी लिहितो. ते म्हणताना माझा आवाज जरा भारी झाला होता, हे आज कबूल करतो. इतरांच्या डामडौलावर मी आयुष्यभर हसत आलो. माझी पाळी आली तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नाही.

प्रोग्रॅम अकरा ओळींचा होता. त्या खोलीतल्या सगळ्या पुस्तकांची यादी घ्यायची, एकेका पुस्तकाशी जायचं, त्याची दुसरी प्रत बाहेरच्या कपाटांत नसेल, म्हणजे ते एकुलतं एक असेल, तर त्याला यादीतून काढून टाकायचं. शेवटी यादीत उरतील त्या जादा प्रती, त्या रद्दीत. पहिल्याच झटक्यात चालला. लाल ओळ एकही नाही. यादी चांगली लांब आली, आणि खोली इतकी मोकळी होणार म्हणून अध्यक्षांना आनंद झाला. खरं तर त्या आनंदाचाच मला संशय यायला हवा होता. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की उद्घाटनात माझाही सत्कार करायचा. 'या वयात प्रोग्रॅमिंग शिकून वाचनालयाला नवी दृष्टी देणारे' असं काहीतरी निमंत्रणपत्रिकेत छापलं गेलं. मी नको म्हणालो, पण ऐकू येईल अशा बेताने म्हणालो नाही.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी यादीची छापील प्रत घेऊन मी सिस्टरांकडे गेलो. तेव्हा त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं, जिना चढणं बंद होतं. दाखवायला म्हणून गेलो होतो, तपासायला नव्हे. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला.

"यातली दहा पुस्तकं हाताने तपासली का, सर?"

"गरज काय? एकदाही अडला नाही प्रोग्रॅम. एक एरर नाही."

"ताप नाही म्हणजे आजार नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी रिक्षा बोलवायला लावली. वाचनालयात त्या खुर्चीवर बसल्या आणि यादीतून डोळे मिटून दहा नावांवर बोट ठेवलं. मी रजिस्टर आणि कपाटं धुंडाळत राहिलो. दहापैकी चार पुस्तकं एकुलती एक निघाली. मी पुन्हा पाहिलं. चारच. म्हणजे ती सगळी लांबलचक यादी... मी तिथल्याच संगणकावर प्रोग्रॅम उघडला. रद्दीवाल्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. अकरा ओळी मी पंचवीस वेळा वाचल्या. प्रत्येक ओळ बरोबर होती. शेवटी मी विजूच्याच सुरात म्हणालो, "सिस्टर, सगळं बरोबर आहे."

त्यांनी वाचनालयातल्या पाच खुर्च्या ओळीने मांडायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "या खाटा समजा." मग एक घटना सांगितली. फार पूर्वीची, कुठल्या दवाखान्यातली ते सांगितलं नाही. सकाळच्या इंजेक्शनांचा ट्रे घेऊन त्या खाटांच्या ओळीने निघाल्या होत्या. तिसऱ्या खाटेवरचा पेशंट बरा होता, डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून चालता चालता त्यांनी त्याला सुट्टी देऊन टाकली. दवाखान्याची रीत अशी की दाराकडच्या पेशंटला आत खिडकीकडे सरकायला मिळावं म्हणून एक खाट रिकामी झाली की मावशी मागचे सगळे एकेक खाट पुढे घ्यायच्या. सिस्टर औषध भरायला वळल्या तेवढ्यात मावशींनी ते केलं. तिसरी खाट झाली, म्हणून सिस्टर चौथीकडे गेल्या. पण चौथीवरचा माणूस तिसरीवर सरकला होता आणि चौथीवर पाचवीवरचा आला होता. "म्हणजे मधला एक जण सुटला. मी त्याच्या उशाशी उभी होते सर, आणि तो मला दिसलाच नाही."

तोवर माझ्या लक्षात आलं होतं. माझा प्रोग्रॅम एकेका पुस्तकाशी जात होता आणि जाता जाताच पुस्तकं काढत होता. एक काढलं की मागचं पुढे सरकायचं, आणि प्रोग्रॅम पुढच्या जागेवर गेलेला असायचा. एका एकुलत्या पुस्तकानंतर लगेच दुसरं एकुलतं आलं की ते दुसरं तपासलंच जात नव्हतं. ते बिनबोभाट रद्दीत निघालं होतं.

"त्या पेशंटचं काय झालं?" मी विचारलं.

"संध्याकाळी ताप चढला. रात्रभर मी बसले. वाचला." त्या म्हणाल्या. "कोणाला कळलं नसतं. ताप कशाने चढला ते कोण विचारतं? सकाळी मी रजिस्टरमध्ये लिहिलं, डोस राहिला, चूक माझी, आणि सही केली. तेव्हापासून आधी राउंड पूर्ण करायचा. कोणाला सोडायचं ते वेगळ्या कागदावर टिपून ठेवायचं. राउंड संपला की मग सुट्टी." उपचार तोच होता. मूळ यादीला हात लावायचा नाही, ठेवायची पुस्तकं दुसऱ्या यादीत टिपायची. दोन ओळी बदलल्या. उरलेली यादी जवळपास निम्मी झाली, आणि तीही आधी हाताने तपासायची होती.

"अध्यक्षांना काय सांगू?" मी म्हणालो. "पत्रिका छापल्यात. प्रोग्रॅममध्ये तांत्रिक बिघाड झाला म्हणतो."

सिस्टर हसल्या. "कॉम्प्युटर तसं म्हणतोय, असं?"

त्या दिवशी संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "सर, कार्यक्रम होऊ द्या, मग बघू ना. टेम्पो सांगितलाय. चार पुस्तकं इकडे-तिकडे झाली तर कोण मरतंय? ती तर वीस वर्षांत कोणी नेलेली नाहीत." खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. पुस्तकं जुनी, वाळवी लागलेली, आणि कोणी कधीच विचारलं नसतं. मी गप्प बसलो असतो तरी माझं काही बिघडणार नव्हतं, पत्रिकेतली ती ओळ तेवढी कायम राहिली असती. मी तिथेच यादीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'ही यादी चुकीची आहे. चूक माझी.' खाली सही केली आणि कपाटावर नेऊन चिकटवली. सकाळी टेम्पो आला तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ड्रायव्हरला तो कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "रद्दी नही ते आम्हना येवाना खर्च?" त्याला चहा पाजून परत पाठवला.

कपाटं हलली नाहीत. उद्घाटन बाहेरच्या पडवीत झालं, दारातून दिसणाऱ्या कपाटांवर निळा पडदा टाकून. पाहुण्यांनी त्या पडद्याकडे हात करून भविष्याबद्दल सांगितलं. शाल मात्र मलाच दिली गेली, कारण आणलेली होती आणि कोणाच्या तरी अंगावर घालणं भाग होतं. शेवटच्या रांगेत सिस्टर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. खोकत नव्हत्या.

कार्यक्रमानंतर त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "त्या चारांतलं एक मला द्या घरी." मी विचारलं, कोणतं. विहिरी कशा बांधाव्यात यावरचं शंभरेक पानांचं एक पुस्तक होतं, कव्हर गेलेलं. मला हसू आलं. "सिस्टर, हे कशाला? याला खरंच कोणी विचारत नाही."

"माझे वडील विहिरी खोदायचे," त्या म्हणाल्या. "गावाच्या विहिरी. खोदून झाल्या की पाणी घ्यायला लांब उभं राहायचे... आणि ज्या पेशंटला भेटायला कोणी येत नाही, त्यालाही औषध द्यावं लागतं, सर." ग्रंथपाल बाईंनी नोंद केली, त्यांनी सही केली. त्यानंतर सात-आठ महिने त्या होत्या. वर्ग चालू होता, फक्त त्या पलंगावर आणि आम्ही खाली. पुस्तकाची मुदत दर पंधरा दिवसांनी वाढवून घ्यायच्या, फोन करून, नियमाप्रमाणे.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर शीलाने मला आत बोलावलं आणि ते पुस्तक पुढे केलं. "वाचनालयाचं आहे, आईने परत करायला सांगितलं होतं." एका पानाशी सिस्टरांच्या औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट खुणेसाठी ठेवलेलं होतं. बरंच वाचून झालं होतं, थोडं राहिलं होतं. मी ते शीलाकडेच परत दिलं. म्हटलं, "तू वाच. उरलेलं."

आता दर शनिवारी मी वाचनालयात जाऊन यादीतली दहा पुस्तकं हाताने तपासतो. गेल्या शनिवारी त्या जुन्या कपाटाची पाळी आली. वरून दुसऱ्या फळीवर, शेतीच्या पुस्तकांच्या शेवटी, विहिरींच्या पुस्तकाची बोटभर जागा मोकळी होती आणि शेजारचं पुस्तक तिच्यात कलंडलं होतं. ग्रंथपाल बाई नीटनेटक्या आहेत. त्या मागून म्हणाल्या, "सर, सरकवून घेऊ का? मागची सगळी एकेक पुढे घेतली की भरेल जागा."

"नको," मी म्हणालो. कलंडलेलं पुस्तक तेवढं सरळ उभं केलं, आणि पुढचं नाव वाचलं.